सुई, कुंचला आणि सुरवंट

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला अळ्या लागल्या. लहान असताना या अळ्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की पानांइतक्याच हिरव्यागार होतात. दोन दिवसांत अर्धी फांदी उघडी पडली, तेव्हा मी चिमटा आणि पिशवी घेऊन निघाले. मला अडवले ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. यांची पाखरे होतात, टाकू नका, असे म्हणत त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

मग नातीने दोन अळ्या बरणीत ठेवल्या. तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि त्यांना रोज ताजी पाने घालू लागली. काही दिवसांनी दोघींनी काडीला स्वतःला बांधून घेतले आणि त्यांचे कोश झाले. एका कोशातून एका सकाळी काळेभोर फुलपाखरू बाहेर आले. दुसरा कोश मात्र काळवंडला आणि त्यातून निघाल्या बारीक बारीक माश्या. नात रडवेली झाली. मावशींना मात्र काहीच नवल वाटले नाही. असा काळा पडलेला कोश माशीच देतो, हे त्यांना गावाकडच्या लिंबाच्या झाडांवरून ठाऊक होते.

मी थक्क झाले ते वेगळ्याच कारणाने. हीच निराशा, जवळजवळ अशाच बरणीपुढे, साडेतीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन बाईने अनुभवली होती आणि प्रामाणिकपणे लिहूनही ठेवली होती. तिचे नाव मारिया सिबिला मेरियन. युरो येण्यापूर्वी जर्मनीत चालणाऱ्या, १९९२ साली निघालेल्या पाचशे मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता. मागच्या बाजूला होते एक साधे रानफूल, त्यावर सुरवंट आणि पतंग. एखाद्या देशाने आपल्या मोठ्या नोटेवर सुरवंट छापावा, याचे मला तेव्हा फार कुतूहल वाटले. त्या कुतूहलापायी मी तिचे चरित्र शोधू लागले आणि आजही ते मनातून जात नाही.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी फ्रँकफुर्टला झाला. वडील मॅथ्यूस मेरियन हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे, युरोपभर नाव असलेले कलावंत आणि प्रकाशक. ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईने दुसरे लग्न केले ते याकोब मारेल या फुलांच्या चित्रकाराशी. सावत्र बाप म्हटले की आपल्या मनात जे चित्र उभे राहते, त्याच्या अगदी उलट हा माणूस होता. त्याने मुलीचा हात ओळखला आणि आपल्या शिष्यांबरोबर तिलाही रेखाटन, रंग आणि कोरीवकाम शिकवले.

शिकायला मिळाले, पण पुढची दारे बंदच होती. विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. लग्नानंतर ती ज्या न्युरेंबर्ग शहरात राहायला गेली, तिथल्या चित्रकारांच्या नियमांनी तैलरंगात चित्रे रंगवून विकण्याचा हक्क पुरुषांसाठी राखून ठेवला होता. बायकांच्या वाट्याला जलरंग, चर्मपत्राचे छोटे तुकडे, फुले, वेलबुट्ट्या आणि भरतकाम. थोडक्यात, ज्याला कुणी मोठी कला मानत नव्हते ते सारे.

तेरा वर्षांची असताना, १६६० साली, तिने रेशमाचे किडे पाळले. अंड्यातून अळी, अळीचा कोश, कोशातून पतंग, हे सगळे तिने डोळ्यांनी पाहिले आणि कागदावर उतरवले. मग तिला वाटले की इतर सुरवंटांचेही असेच होत असेल का? ते पाहण्यासाठी ती दिसेल तो सुरवंट घरी आणू लागली. हा नाद तिला शेवटपर्यंत पुरला.

त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप जन्मतात, असे बरेच शिकलेले लोकही मानत. आपल्याकडेही कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि भयाने माशीचेच चिंतन करता करता अळी माशी होऊन बाहेर पडते, अशी समजूत होती. संतांनी तो दृष्टान्त गुरुशिष्यांसाठी सुंदर वापरला आणि अध्यात्मात तो शोभतोही. प्रत्यक्षात ती अळी म्हणजे माशीच्या पिल्लाची शिदोरी असते. इटलीत रेडी यांनी १६६८ मध्ये मांसाचे तुकडे उघडे आणि झाकून ठेवून दाखवले की माश्यांनी अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या पडत नाहीत. हॉलंडमध्ये स्वामरडॅम सूक्ष्मदर्शकाखाली किडे कापून पाहत होते. याच सुमारास फ्रँकफुर्ट आणि न्युरेंबर्गच्या घरांत एक तरुण स्त्री लाकडी डब्यांत अळ्या सांभाळत होती. त्यांना हवे ते पान आणून देत होती आणि कोणती अळी कशावर जगते याची टाचणे करत होती. ना प्रयोगशाळा, ना पदवी. घर हीच तिची प्रयोगशाळा.

१६६५ मध्ये, अठराव्या वर्षी, तिचे लग्न योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाले. तो मारेल यांचाच शिष्य. पाच वर्षांनी दोघे त्याच्या गावी, न्युरेंबर्गला राहायला गेले. तिथे मारियाने संसाराला हातभार म्हणून रंग विकले, कापडावर फुले रंगवून दिली आणि घरंदाज कुटुंबांतल्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायला सुरुवात केली. या मुलींना ती कौतुकाने आपले कुमारिका मंडळ म्हणे. त्यांच्यापैकी एकीला मारियाने पुढे लिहिलेली पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांत रंग, रोगण, एकमेकींची ख्यालीखुशाली असे सगळे येते. बाई आणि विद्यार्थिनी यांच्यात मैत्रीचे नाते होते हे त्यातून कळते.

या मुलींसाठी, आणि त्यांच्यासारख्या अनेकींसाठी, तिने १६७५ ते १६८० या काळात फुलांचे एक पुस्तक तीन भागांत काढले. प्रत्येक भागात बारा चित्रे. ते वाचून कपाटात ठेवण्यासाठी नव्हतेच. त्यातली फुले कापडावर उतरवायची, सुईदोऱ्याने भरायची, हवी तशी बदलायची. हे वाचताना मला माझ्या आईची ट्रंक आठवली. तिच्यात टाचणीने टोचलेले ट्रेसिंग पेपर असत. रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने त्यावरून फिरवली की उशीच्या अभ्र्यावर गुलाबाची वेल उमटे. एकच नमुना चाळीतल्या दहा घरांत जाई आणि दहा घरांत दहा रंगांनी भरला जाई. मारियाच्या पुस्तकाचेही तेच झाले. बायकांनी ते इतके वापरले, की आज त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या आहेत. ज्या पुस्तकात वाचणाऱ्यांचे हात पडतात, ते झिजतेच.

आमच्या शाळेत मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण असे. शिवणाच्या तासाला आम्ही काही शिकतो आहोत असे कुणालाच, अगदी आम्हालाही वाटत नसे. मारियाचे आयुष्य वाचल्यावर त्या तासाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. पाकळ्या मोजल्याशिवाय फूल भरता येत नाही. पानाची शीर कुठून फुटते हे पाहिल्याशिवाय देठाचा टाका बसत नाही. एकाग्र पाहणे, मोजणे, पुन्हा करून पाहणे, शेजारणीच्या कामाशी ताडून पाहणे, हेच तर विज्ञानही शिकवते. फक्त एकाला विद्या म्हणतात आणि दुसऱ्याला बायकांचे रिकामपणचे उद्योग.

हा फरक मारियाने शब्दांत खोडून काढला नाही, कामाने काढला. १६७९ मध्ये तिचे सुरवंटांवरचे पहिले पुस्तक निघाले. पन्नास चित्रे, तिने स्वतः पाहिलेली, काढलेली आणि तांब्यावर कोरलेली. १६८३ मध्ये आणखी पन्नास. तोवर किड्यांची चित्रे म्हणजे कोऱ्या कागदावर टाचलेले निर्जीव नमुने. मारियाने एकाच पानावर अंडी, अळी, कोश, फुलपाखरू आणि ज्यावर ते सारे जगते ती वनस्पती, असा पुरता संसार मांडला. पाने कुरतडलेली, एखादे वाळलेले, एखादे भोके पडलेले. एक जीव दुसऱ्याच्या आधाराने जगतो, ही गोष्ट आज शाळेतले पोरही परिसर अभ्यासात शिकते. तेव्हा ती अशा रीतीने कुणी दाखवली नव्हती. आणि कोशातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या, तर तिने त्या माश्याही नोंदवल्या. मनासारखे झाले नाही म्हणून पान फाडून टाकले नाही.

पुस्तक तिने लॅटिनमध्ये न लिहिता जर्मनमध्ये लिहिले. त्यामुळे ते पंडितांच्या टेबलावर गेले तसे घरातही वाचता आले. मुखपृष्ठावर तिची ओळख मात्र ग्राफची बायको आणि कैलासवासी मेरियनची मुलगी अशी होती.

पुढे संसार विसकटला. का, ते तिने उघड केले नाही आणि मीही तर्क करत नाही. १६८५ च्या सुमारास आई आणि दोन मुलींना, योहाना हेलेना आणि डोरोथेया मारिया यांना घेऊन ती हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलंडमधल्या एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत राहायला गेली. नवरा न्यायला आला, ती गेली नाही. तिथे साधेपणाने राहताना तिने शेतातल्या बेडकांची वाढ पाहिली आणि आपल्या नोंदी नीट लावल्या. या पंथाचे काही लोक दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत गेले होते. तिकडच्या झगझगीत फुलपाखरांची तिला तिथेच ओढ लागली असावी.

आईच्या मृत्यूनंतर, १६९१ मध्ये, ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. पुढच्या वर्षी रीतसर घटस्फोट झाला. तिघी मायलेकींनी चित्रे, रंग आणि जतन केलेले कीटक विकून घर चालवले. शहरातल्या श्रीमंतांच्या संग्रहांतून तिने जगभरचे किडे पाहिले. सारे सुंदर आणि सारे मेलेले. ते कुठून आले, काय खाऊन मोठे झाले, हे सांगणारे कुणी नव्हते. पाहायचे तर तिथेच जायला हवे होते.

तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. आपल्याकडे या वयाच्या बाईला लोक काशीयात्रेचा सल्ला देतात. मारियाने आपली २५५ चित्रे विकायला काढली, मृत्युपत्र केले आणि जून १६९९ मध्ये एकवीस वर्षांच्या डोरोथेयाला घेऊन सुरीनामच्या जहाजावर चढली. मागे कोणताही राजा नव्हता, कंपनी नव्हती. निव्वळ शास्त्राच्या अभ्यासासाठी, स्वतःच्या खर्चाने, एवढा समुद्र ओलांडणाऱ्या युरोपियन स्त्रिया त्या काळात जवळजवळ नव्हत्याच.

सुरीनाम म्हणजे तेव्हा ऊस, साखर आणि गुलामी. १६६७ च्या तहात डचांनी न्यूयॉर्कवरचा दावा सोडून हा मुलूख आपल्याकडे ठेवला, इतकी ती साखर गोड होती. मळेवाल्यांना या बाईची थट्टा वाटे. साखर सोडून किडे कसले शोधता, असा त्यांचा सूर असे. तिलाही त्यांचे नवल वाटे. एवढ्या समृद्ध भूमीत राहून यांना उसापलीकडे काही दिसत नाही, अशी तिची तक्रार होती.

तिने पाहिलेली कितीतरी झाडे आपल्या ओळखीची आहेत. अननस, काजू, पेरू, पपई, मिरची हे सारे त्याच खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी गोव्याच्या किनाऱ्याला लागले आणि आपलेच होऊन गेले. तिच्या सुरीनामच्या पुस्तकातले पहिलेच चित्र अननसाचे आहे आणि त्याच्यावर झुरळे आहेत. घराघरातल्या बाईला ओळखू येईल अशी ही जोडी!

पण ज्या चित्रापाशी मी दर वेळी थांबते, ते आहे शंकासुराचे. हो, आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी, शाळांच्या कुंपणाला लाल-पिवळ्या तुऱ्यांनी फुलणारा तोच शंकासूर. या चित्राखाली मारियाने फुलाच्या वर्णनाबरोबर वेगळीच गोष्ट नोंदवली. मळ्यांवर राबणाऱ्या इंडियन आणि आफ्रिकी गुलाम स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भ पाडत. आपल्या पोटी येणारे मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये, एवढ्यासाठी. छळ असह्य झाला की काही जणी जीवही देत, पुन्हा आपल्या मायदेशी स्वतंत्र जन्म मिळेल या आशेवर. हे आपल्याला त्या स्त्रियांनी स्वतःच सांगितले, असे तिने स्पष्ट नमूद केले आहे.

वनस्पतीशास्त्राच्या किती पुस्तकांत असे वाक्य सापडेल? एखाद्या पुरुष संशोधकाला त्या बायांनी हे सांगितलेच नसते. बाईने बाईला सांगितले आणि तिने ते गाळले नाही. शंकासूर पुढे युरोपच्या बागांत शोभेचे झाड म्हणून मिरवला. त्या बायांचे हे ज्ञान मात्र तिकडच्या औषधाच्या ग्रंथांत रुजले नाही. झाड तेवढे घेतले, त्याची कहाणी बंदरावरच राहिली.

इथे मारियाची बाजूही पूर्ण सांगायला हवी. ती गुलामीच्या विरोधात उभी राहिलेली नाही. जंगलात तिच्यासाठी कुऱ्हाडीने वाट तोडत गेले ते गुलामच. अळ्या आणून देणारे, झाडांची नावे आणि गुण सांगणारे तेच. त्यांनी मदत केली हे तिने लिहिले, पण एकाचेही नाव लिहिले नाही. परतताना एक इंडियन स्त्री तिच्याबरोबर हॉलंडला आली. ग्रंथासाठी तिने काय काय सांगितले असेल, ते तिच्या नावाने कुठेच नोंदलेले नाही.

उष्णता आणि तापाने खंगल्यामुळे १७०१ मध्ये मारियाला ठरवण्याआधीच परतावे लागले. चार वर्षे खपून १७०५ मध्ये तिने सुरीनामच्या कीटकांवरचा आपला महाग्रंथ काढला. साठ मोठी चित्रे, मजकूर डच आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत, आणि खर्च स्वतःचा. आता मुखपृष्ठावर तिचे नाव होते ते नवऱ्याचे नाव न लावता.

लिनिअसने प्राण्यांची शास्त्रीय नावे ठरवताना तिच्या चित्रांचा पुष्कळ आधार घेतला. तरी एकोणिसाव्या शतकात तिच्यावर टीकेची झोड उठली. पेरूच्या फांदीवर हमिंगबर्ड खाणारा मोठा कोळी तिने काढला, तेव्हा तो बाईमाणसाचा कल्पनाविलास ठरवला गेला. पुढे हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलात कोळ्याच्या तावडीत सापडलेली लहान पाखरे पाहिली आणि १८६३ च्या आपल्या पुस्तकात तसे लिहिले, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. तिच्या चुकाही झाल्या. एका किड्याच्या डोक्यातून रात्री उजेड पडतो असे तिने लिहिले, ते खरे नाही. पण चूक केलेले पुरुष शास्त्रज्ञ चुकले असे म्हणतात आणि बाई चुकली की ती भोळी ठरते, हा अनुभव तिच्यानंतरही अनेकींनी घेतला आहे.

१७१५ मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये ती वारली. त्याच सुमारास रशियाच्या पीटर सम्राटासाठी तिची पुष्कळ चित्रे विकत घेतली गेली. सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथेयाने त्याच वर्षी प्रसिद्ध केला आणि पुढे ती सेंट पीटर्सबर्गला जाऊन तिथे चित्रे काढू आणि शिकवू लागली. थोरली योहाना हेलेना त्याआधीच सुरीनामला गेली होती. मारियाची अभ्यासाची वही रशियातच राहिली आणि १९७६ मध्ये छापून जगापुढे आली. २०१८ मध्ये पनामातल्या एका दुर्मीळ काळ्या फुलपाखराला तिचे नाव मिळाले.

हे सारे वाचून मला वाटते, ज्ञान कधी एकट्याचे नसते. सावत्र बापाने शिकवले, कुमारिका मंडळातल्या मुलींनी रंग भरले, लेकींनी कुंचला सांभाळला, सुरीनामच्या बायांनी झाडे ओळखून दिली. पुस्तकावर नाव एकीचे. ते तिने कष्टाने मिळवले, त्याबद्दल आदरच आहे. पण तिच्यासारखीच इतरांनाही कुणी नाव विचारायला हवे होते.

आमच्या नातीने त्या बरणीचे चित्र काढले. एक कोश, त्यातून निघालेले फुलपाखरू, दुसऱ्यातून निघालेल्या माश्या, कुरतडलेला कढीपत्ता. चित्राखाली तिने स्वतःचे नाव लिहिले आणि मला विचारले, की हे सगळे सांगितले मावशींनी, तर त्यांचेही नाव लिहायला हवे ना? त्यांचे नाव काय?

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि गप्प झाले. अकरा वर्षे त्या आमच्याकडे येत आहेत, आणि मला फक्त मावशी हेच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्यावर मी त्यांना चहा दिला, समोर बसवले आणि नाव विचारले. त्या लाजल्या आणि त्यांनी सांगितले. नातीने ते चित्राखाली आपल्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.